मी न दिलेला बोल्ट

हेमंत, तू मला त्या दुकानात नेलंस तेच मुळी थाप मारून. स्नोब्लोअर बघायला जाऊ म्हणालास. हिवाळा तोंडावर आला होता, घटस्फोटानंतर श्रूजबरीत घेतलेल्या घरातला माझा तो पहिलाच हिवाळा होता, आणि एवढा लांब ड्राइव्हवे एकट्याने साफ कसा करायचा याची मला खरोखरच काळजी होती. तू वूस्टरच्या पलीकडे अर्धा तास गाडी हाणलीस आणि अशा दुकानापुढे थांबवलीस, जिथे बर्फाशी संबंधित एकही वस्तू नव्हती. आत शिरल्यावर डाव्या हाताला एका पिंपात, खराटे उभे करून ठेवतात तशा, पंधरा-वीस लांबलचक रायफली उभ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातल्या, रशियन सैन्याच्या. कुठल्याशा गोदामात ग्रीस फासून वर्षानुवर्षं पडलेल्या आणि आता घाऊक विकायला काढलेल्या. त्यातली एक तू उचललीस, तुझे हात मनगटापर्यंत चॉकलेटी आणि चिकट झाले, आणि तुझ्या तोंडावर जे हसू आलं ते मी तुझ्या लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही.

"बुटापेक्षा स्वस्त आहे बे," तू म्हणालास.

आमच्या पुण्याच्या घरात भांडणंसुद्धा हळू आवाजात व्हायची. बंदुकीला हात लावायचा या कल्पनेनेच मला कसंतरी झालं होतं. पण तू नागपूरचा, तुला नाही हा शब्द ऐकूच येत नसे. नुकतंच दोघांचं ग्रीनकार्ड झालं होतं. तू मला पोलिसांच्या ऑफिसात नेऊन बसवलंस, बोटांचे ठसे द्यायला लावलेस, लायसन्सचा फॉर्म माझ्यासाठी तूच भरलास. आज कळतं की तुला रायफल हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त, शनिवारची सकाळ त्या अर्ध्या रिकाम्या घरात बसून मी काय करत असेन याची तुला धास्ती होती. हे तू कधी बोलला नाहीस. बोलला असतास तर मी आलो नसतो.

पहिल्या रायफलीचं ग्रीस आपण तुझ्या बाथटबमध्ये काढलं. मंजिरीचा हेअर ड्रायर वापरला, तिचे दोन टॉवेल वापरले, आणि ती बाजारातून परत आली तेव्हा टबला असा काळा वळ पडला होता की तुझी बायको आठवडाभर आपल्या दोघांशी बोलली नाही. ईरा तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. तिने दारातून विचारलं होतं, "बाबा, इज इट सिक?" आणि तू म्हणालास, हो बेटा, म्हातारी आहे, अंघोळ घालून राहिलो.

नेमबाजीच्या क्लबची रेंज गावाबाहेर झाडीत होती. पहिल्या दिवशी आपण बाकापाशी गेलो तेव्हा तिथली तीन माणसं बोलायची थांबली. मला तिथूनच परत फिरायचं होतं. तू सरळ त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याकडे गेलास आणि विचारलंस, चार गोळ्या झाल्या की हिचा बोल्ट अडकतो, काय करू? बोल्ट म्हणजे रायफलीच्या पाठीतला सरकता लोखंडी दांडा. तो उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवीन आत जातं. तो नसेल तर रायफल ही नुसती जड काठी. त्या म्हाताऱ्याने उघड्या तळव्याने खालून एक फटका मारून बोल्ट कसा उचलायचा ते तुला दाखवलं. तुझा तळवा लाल झाला. त्या दिवसापासून तिथे आपल्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तुझ्या गॅरेजमध्ये नळ्या धुवायच्या. त्या जुन्या काडतुसांतल्या क्षाराने नळी गंजते म्हणून उकळतं पाणी ओतावं लागे. रायफलीच्या धक्क्यांनी माझा खांदा काळानिळा पडलेला असे. सोमवारी मीटिंगमध्ये हात वर करताना मी कळवळायचो आणि टेबलापलीकडून तू गालातल्या गालात हसायचास.

मग जर्मन बनावटीची आली, मग एक स्विस. सगळ्यात शेवटी ती ईशापूरची, आपल्याकडच्या सरकारी कारखान्यातली. तिच्यावरचा शिक्का वाचून तू इतका हसलास की डोळ्यांत पाणी आलं. म्हणालास, "आपल्यासारखीच आहे बे ही. सरकारनं खर्च करून बनवली, आणि अमेरिकेनं उचलली."

तू चांगला माणूस होतास असं आता सगळे म्हणतात. मेलेल्याबद्दल असंच बोलायची रीत आहे. पण तुझी जीभ वाईट होती, हेमंत. माझी बायको का गेली याच्यावर तू चारचौघांत विनोद केलेस. माझा नेम चुकला की कागदाचं ते लक्ष्य काढून तू मंजिरीच्या फ्रिजवर लावायचास, आणि तुमच्याकडे जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचास. नऊ वर्षं. नऊ वर्षांत मी तुझ्यापुढे एकदाही जिंकलो नाही. तुझ्या पाच गोळ्या चहाच्या बशीखाली झाकतील एवढ्या जागेत बसायच्या, माझ्या ताटाखालीही मावायच्या नाहीत.

म्हणून त्या उन्हाळ्यात तुझ्या गोळ्या फाकायला लागल्या तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. लहान पोरासारखा, उघडा, निर्लज्ज आनंद. मी तुझ्या लक्ष्याचे फोटो काढून आपल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायला लागलो. एकदा खाली लिहिलं, हेमंतरावांनी नाचणीचे पापड वाळत घातलेत. एकदा लिहिलं, पाचवी गोळी न्यू हॅम्पशरमध्ये सापडली. लोक हसत. तूही हसण्याचे चेहरे टाकत होतास. दर शनिवारी मी नवीन ओळ तयार करूनच निघायचो. ऑफिसात बसूनसुद्धा मला ओळी सुचत.

ऑक्टोबरात एका शनिवारी रशियन रायफलीचा बोल्ट तुला उचलता आला नाही. तू तळव्याने मारलंस, पुन्हा मारलंस, मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून मारलंस. शेजारच्या बाकावरची माणसं पाहत होती. मी मोठ्याने म्हणालो, "राहू दे, मंजिरीला फोन लावू का? ती उघडून देईल." तू रायफल खाली ठेवलीस, कानांवरचे मफ काढलेस आणि म्हणालास, चल, घरी जाऊ.

गाडी मी चालवत होतो. तू समोर बघत सांगितलंस, रोगाचं नाव, एएलएस, आणि त्यात काय होतं तेही, ऑफिसात एखाद्या प्रोजेक्टची माहिती द्यावी तसं. स्नायू एकेक करून बंद पडतात, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. मी विचारलं, कधी कळलं? तू म्हणालास, मे महिन्यात.

पाच महिने. माझ्या प्रत्येक फोटोच्या वेळी तुला माहीत होतं. मी गाडी कडेला घेतली. मी विचारलं, मग मला बोलू कसं दिलंस?

"तू जिंकून राहिला होता," तू म्हणालास. "पाहायला मजा येऊन राहिली होती."

या वाक्याचा अर्थ मी अजून लावतोय. कधी वाटतं, तू मला शेवटची भेट दिलीस, मित्राला पाच महिने जिंकू दिलंस. आणि कधी वाटतं, तुला नेमकं माहीत होतं की ते पापड आणि ते न्यू हॅम्पशर मला जन्मभर पुरतील, म्हणून तू थांबलास. तुझा नेम तसा शेवटपर्यंत चांगला होता.

हिवाळ्यात मंजिरीने मला बोलावलं आणि त्या रायफली घरातून घेऊन जा म्हणाली. तू नाही म्हणालास. चारही बेसमेंटमधल्या कुलपाच्या कपाटात राहतील, मला मधूनमधून बघायच्या आहेत, असा हट्ट धरलास. शेवटी तोडगा तूच काढलास. चारही बोल्ट एका बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्या हातात दिलेस. म्हणजे डबा मंजिरीने दिला, कारण तोवर तुला तो पेलत नव्हता. तू म्हणालास, "घेऊन जा. माझाच भरवसा नाही मला." मला त्या वेळी तुझा फार अभिमान वाटला होता.

मार्चच्या शेवटी तू मला एकट्याला बोलावलंस. मंजिरी ईराला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, ती वेळ तू मुद्दाम निवडली होतीस. तुझे शब्द तेव्हा जड झाले होते, प्रत्येक शब्द ओल्या पोत्यासारखा ओढून आणत होतास, पण कळत होते. तू म्हणालास, एक बोल्ट दे. रशियन. उजव्या हाताची दोन बोटं अजून चालतात, पुढच्या महिन्यात चालणार नाहीत.

मी नाही म्हणालो. तू म्हणालास, तुला काही करायचं नाही, नुसता आणून ठेव. मी पुन्हा नाही म्हणालो. मग मी बरंच बोललो. मंजिरीबद्दल, ईराबद्दल, घरात ते कुणाला सापडेल त्याबद्दल, नवीन औषधांबद्दल ज्यांतलं मला काहीच कळत नव्हतं. शेवटी म्हणालो, "मला तुला मरताना नाही बघवणार, हेमंत."

"मग नको बघू," तू म्हणालास. "गाडीत बसून राहा."

मी उठून निघून गेलो. आणि त्याच संध्याकाळी मंजिरीला फोन करून सगळं सांगितलं. तिने कपाटाचं कुलूप बदललं, तुझ्या औषधांच्या बाटल्यासुद्धा कपाटात बंद केल्या. तुझ्या स्वतःच्या घरात तू कैदी झालास, आणि ती फितुरी माझी. तिने फोनवर रडत रडत मला म्हटलं, तू देवासारखा धावून आलास. मी म्हटलं, काहीतरीच काय.

जूनमध्ये तुझा आवाज पूर्ण गेला आणि ते यंत्र आलं. पडद्यावरच्या एकेका अक्षराकडे तू डोळ्यांनी पाहायचं, ते लिहिलं जायचं आणि यंत्र मोठ्याने बोलायचं. मराठी त्याला येत नव्हतं. तू इंग्रजी लिपीत मराठी लिहायचास आणि विमानतळावर घोषणा करतात तसला एक अमेरिकन पुरुष त्याची वाट लावायचा. "पाणी" ला तो "पॅनी" म्हणे. ईराला त्याची फार गंमत वाटे. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तू बराच वेळ डोळे हलवत राहिलास आणि यंत्र म्हणालं, "बीकॅड."

मला कळलं नाही. ईराने वाकून पडद्यावर पाहिलं आणि नीट वाचलं. "भेकड," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "व्हॉट डज दॅट मीन, काका?"

तुझ्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या शब्दाचा अर्थ मी सांगितला. तू मला सांगायला लावलास. पलंगावर पडल्यापडल्या तू माझं तोंड पाहत होतास, आणि तुझ्या तोंडाचा जो एक कोपरा अजून हलत होता तो हलला. ती म्हणाली, बाबा, दॅट्स सो मीन. आणि मी हसलो, कारण मला वाटत होतं की तू अन्याय करतोयस. मी भेकड नाही, मी मित्र आहे, मी तुझ्या मुलीचा बाप वाचवलाय. मला स्वतःची खरंच तशी खात्री होती. निदान मी ती करून घेतली होती.

जुलैमध्ये माझी नागरिकत्वाची शपथ झाली. येताना मी देशी दुकानातून पेढे आणले. तुला तेव्हा पोटातल्या नळीने अन्न देत होते. हे मला माहीत होतं. तरी मी पेढ्यांचा बॉक्स तुझ्या पलंगाच्या कडेला उघडला. मंजिरीने एक घेतला, ईराने अर्धा घेतला, आणि मी एक तुझ्यासमोर उभा राहून खाल्ला. मंजिरी चहा टाकायला गेली, ईराही तिच्यामागे गेली.

यंत्र म्हणालं, "काँग्रॅच्युलेशन्स." किती स्वच्छ म्हणालं. तो एक शब्द त्याला बिनचूक येत होता.

मी थँक्स म्हटलं. तू पुन्हा लिहायला लागलास. मग यंत्राने विचारलं, "व्हेन वॉज युवर इंटरव्ह्यू?"

मी म्हणालो, एप्रिलमध्ये. दुसऱ्या आठवड्यात.

तू थांबलास. तुझी बुबुळं पडद्यावरून सरकत गेली, सावकाश, एकेका अक्षरावर. मी पेढा गिळत होतो. यंत्र म्हणालं, "मार्च."

एवढंच. मी काही बोललो नाही, आणि तुला उत्तर मिळालं.

आता सांगतो, कारण आता तू मध्येच बोलू शकत नाहीस. मार्चमध्ये तू बोल्ट मागितलास तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मंजिरी आली नाही, ईरा आली नाही, तूही आला नाहीस. माझ्या डोळ्यांपुढे बॉस्टनच्या इमिग्रेशन ऑफिसातलं एक टेबल आलं आणि त्याच्यामागे बसलेला अधिकारी माझी फाइल उघडताना दिसला. पोलिस विचारणार, बोल्ट कुणाकडे होता. बोल्ट माझ्याकडे, लायसन्स माझ्या नावाचं, बोटांचे ठसे त्यांच्याकडे. दोन आठवड्यांवर नागरिकत्वाचा इंटरव्ह्यू. हा सगळा हिशेब तुझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझ्या डोक्यात झाला होता. मंजिरी, ईरा, औषधं हे सगळं मी नंतर बोलता बोलता गोळा केलं. ते खरं होतं. पण ते नंतर आलं.

इंटरव्ह्यू नसता तर दिला असता का? नसता दिला, असं मला वाटतं. कुणीही देऊ नये, असंही मला वाटतं. तुझं त्या दिवशीचं मागणं चूक होतं, यावर मी आजही तुझ्याशी भांडेन. पण उत्तर बरोबर असून मी ते चोरून लिहिलं होतं, आणि ते तू पकडलंस. माझी चोरी पकडायला तुला हातपाय लागले नाहीत.

त्यानंतर तू डोळे मिटून घेतलेस. डोळे मिटले की यंत्र मुकं. मंजिरी चहा घेऊन आली आणि म्हणाली, दमला वाटतं.

मी दहा महिने दर शनिवारी येत राहिलो. माझी गाडी दारात थांबली की तू डोळे मिटायचास. ईरा सांगायची की मी येण्याआधी पाच मिनिटं तू तिच्या फिजिक्सच्या गणितातली चूक काढत होतास. तिला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं ते तू पाहिलंस, कॉलेजचं पत्र आलं ते तू वाचलंस, त्यावर काहीतरी चावट लिहिलंस म्हणे आणि मंजिरी कित्येक महिन्यांनी हसली. हे सगळं मला स्वयंपाकघरात उभं राहून ऐकायला मिळालं. मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून तासभर बोलायचो, हवा, ऑफिस, रेंजवर कोण भेटलं. तुझ्या पापण्या थरथरायच्या, म्हणजे तू जागा होतास. एकदा, फक्त एकदा, मी म्हणालो, हेमंत, माझं चुकलं. तू डोळे उघडले नाहीस.

आणि तू मंजिरीला सांगितलं नाहीस. सांगायला डोळे तर होते तुझ्याकडे. दहा महिने होते. सांगितलं असतंस तर तिने मला दारातही उभं केलं नसतं, आणि मग निदान मला शिक्षा झाली असं तरी म्हणता आलं असतं. तू तेवढंही दिलं नाहीस. की तू मला वाचवलंस? तुझं काहीच सरळ नव्हतं रे. रिकाम्या घरातून मला बाहेर काढणारा तू, आणि मला असं ठेवून जाणारा तू. बारा वर्षांत मला दुसरा मित्र झाला नाही, करावासा वाटला नाही. तुझ्यावर चिडायला मला अजून बरीच वर्षं लागणार आहेत, आणि ती मी एकट्याने काढायची आहेत.

तू गेल्यावर चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं. मंजिरीने मोजक्या लोकांना बोलावलं होतं. पानं वाढायच्या आधी तिने मला तुझ्या खोलीत नेलं. पलंग परत गेला होता, गालिच्यावर त्याच्या चाकांचे चार खड्डे होते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "त्या दिवशी तू नाही म्हणालास, सुधीर, म्हणून आम्हाला तो चौदा महिने मिळाला. ईराला बाप मिळाला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

दारात ईरा उभी होती. ती आत आली, तिने मला मिठी मारली आणि माझ्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, थँक यू, काका.

मी सांगायला तोंड उघडलं होतं, हेमंत. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

मग मंजिरीने जेवायला बोलावलं. मी हात धुतले, तुझ्या जागेच्या शेजारी बसलो. तिने आग्रह केला, आणि मी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं.